सांदवाडी, चूल आणि अरण्य

आक्षेपक : घरामागे चार वाफे करावेत, त्यांत मेथी, पालक, वांगी, भेदरे (टोमॅटो) लावावीत आणि तेथली ताजी भाजी तोडून तशीच चुलीवर चढवावी, या कल्पनेत मन प्रसन्न करणारे पुष्कळ आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु पुण्यामुंबईच्या सज्ज्यात कुंड्या मांडणाऱ्या कुटुंबाला ती जे समाधान देते तेच ती चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशातही देईल, असे गृहीत धरून ‘पोषण परसबागे’च्या नावाने बियाण्यांची पाकिटे जेव्हा गावोगाव पोहोचतात, तेव्हा माझ्या मनात शंका उभी राहते. मृगाच्या सरी कोसळल्या की जेथे वाटेच्या कडेला तरोटा आपोआप माजतो, बांबूच्या बेटांतून वास्ते डोके वर काढतात, वारुळांच्या आसपास सात्या (अळंबी) फुटतात आणि झुडपांवर चढलेल्या वेलींना काटवले लागतात, तेथल्या बाईला भाजी मिळविण्याचे शिक्षण द्यावयास आपण कोणत्या अधिकाराने जातो? डॉ. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात गडचिरोलीच्या स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते नोंदलेले आहे. ते ज्याने वाचले असेल, तो या स्त्रियांना वनस्पतिविषयक अज्ञानी समजण्याचे धाडस करणार नाही. मला भीती अशी वाटते की पालकाचा वाफा हिरवागार दिसावा या हौसेपायी अरण्यातील पन्नास भाज्यांचे ज्ञान जुनाट आणि कमीपणाचे ठरेल, आणि ज्यांचे अन्न वैविध्याने समृद्ध होते त्यांना आपण चारपाच भाज्यांच्या दारिद्र्यात आणून बसवू.

पुरस्कर्ता : आपल्या भीतीचा आधार खरा आहे, पण तिचा आरंभ चुकीच्या ठिकाणी होतो. सांदवाडी, म्हणजे घरामागची परसबाग, ही कोणत्याही योजनेने या मुलखात आणलेली वस्तू नव्हे. धानोऱ्याकडच्या किंवा नागभीडकडच्या कोणत्याही जुन्या वस्तीत घराला वळसा घालून मागे जावे, म्हणजे बांबूच्या ताट्यांचे कुंपण, त्यात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली कोचई, कोपऱ्यात मुनग्याचे झाड, मांडवावर चढलेला वालाचा वेल, छपरावर पसरलेले डांगर आणि कडेकडेने आंबाडी व बरबटी, असा संसार पिढ्यान्‌पिढ्या मांडलेला दिसतो. जावा बेटावर घराभोवतीच्या अशाच बागेला पेकारांगान म्हणतात, आणि तिच्यातील झाडे, वेल व कंद यांच्या थरांची रचना हा कृषिशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. आमच्या सांदवाडीच्या वाट्याला तो मान आलेला नाही, एवढाच फरक.

आणि अरण्य उदार असले तरी ते वर्षभर सारखे उदार नसते. भामरागडची गोष्ट घ्या. पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो, तालुक्याचे मुख्य ठिकाण जगापासून तुटते आणि भाजीची गाडी अलीकडच्या तीरावर अडकते. हे दरसाल घडते. अशा दिवसांत नाले ओलांडून रानात जाणेही अशक्य होते. मांडवावरचा एक वेल त्या वेळी घरातल्या भाताला सोबत देतो. पावसाळ्यात निदान रान जवळ असते. पौष-माघात रानातला कोवळा पाला संपलेला असतो, आणि सांदवाडीत मात्र वांगी, भेदरे, सांबार (कोथिंबीर), वालाच्या शेंगा यांची रेलचेल असते. उलट चैत्र-वैशाखात वाफे करपतात तेव्हा रान मोहफूल, टेंभुर आणि चाराची फळे देते. या दोहोंची वर्षाची वाटणी अशी परस्परपूरक आहे. एकाने दुसऱ्याला हुसकावून लावण्याचा प्रश्न मला तेथे दिसत नाही.

आक्षेपक : वाटणी सुंदर आहे, पण तिच्यात पाण्याचा उल्लेख आपण न्हाणीपुरता करून पुढे गेलात. मला तेथेच थांबावयाचे आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्याच्या तोंडाशी या भागात भाजीच्या वाफ्याला दिवसाला पाचसहा मिलिमीटर पाणी सहज लागते. म्हणजे अर्ध्या गुंठ्याच्या, पन्नास चौरस मीटरच्या बागेला अडीचशे-तीनशे लिटर. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर हातपंपाच्या वीस खेपा झाल्या. त्या खेपा कोण घालणार, हे सांगण्याची गरज नाही. तीच बाई पहाटे उठून पाणी भरते, धानाची रोवणी करते, तेंदूपाने तोडते, मोह वेचते आणि सायंकाळी चुलीपाशी बसते. तिच्या दिवसात आता बागेची भर पडते. बाग फुलली की तिचे छायाचित्र अहवालाला जोडले जाते. हंड्याचा हिशेब मात्र कोणत्याही दप्तरात लिहिला जात नाही. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंश ओलांडून जातो, आणि अशा उन्हात पालेभाजी जगविण्याचा हट्ट हा त्या बाईच्या खांद्यावरचा हट्ट आहे. ज्याला तो धरावयाचा असेल त्याने प्रथम स्वतः तो हंडा उचलावा.

पुरस्कर्ता : हा आक्षेप मी मान्य करतो. उन्हाळ्यात बाग हिरवी ठेवण्याचा आग्रह चुकीचा आहे, आणि या प्रदेशातील जुन्या गृहिणींनी तो कधी धरलाही नाही. त्यांची युक्ती निराळी होती, आणि येथे मी आपल्याला बागेतून स्वयंपाकघरात नेतो. कारण माझ्या मते सांदवाडीचे अर्धे शास्त्र चुलीपाशी आणि अंगणातल्या उन्हात आहे. हिवाळ्यात वांगी उतू जातात तेव्हा त्यांच्या चकत्या करून वाळवितात. त्या वाळक्या चकत्या, म्हणजे खुला, वैशाखात पाण्यात भिजवून, लसूण-मिरचीच्या फोडणीत, घरात असले तर तलावातले सुकविलेले झिंगे घालून शिजविल्या म्हणजे ताज्या वांग्याला नसलेला एक गडद स्वाद त्यांना येतो. धान कापण्यापूर्वी उभ्या पिकात लाखोळी फेकावी, धान निघाल्यावर बांधीतल्या ओलीवर ती वाढू द्यावी, तिचा कोवळा शेंडा खुडून सावलीत सुकवावा आणि उन्हाळ्यात त्याची पातळ भाजी करावी, ही रीत मी सांगावी अशी नाहीच. ती तेथली प्रत्येक आजी सांगेल. कोहळा आणि उडदाची डाळ वाटून घातलेल्या वड्या, वाळवून ठेवलेली आंबाडीची बोंडे, हे सारे उन्हाळ्याचे कोठार आहे. हंड्याचे पाणी जे करू शकत नाही ते ऊन करते, आणि या मुलखात उन्हाची टंचाई नाही.

आणि हिवाळी बागेलाही आपण म्हणता तितके पाणी लागत नाही, जर तिच्यात कोणती झाडे असावीत याचा विवेक असेल. मुनगा एकदा रुजला की पाणी मागत नाही. कोचई आणि केळ न्हाणीच्या पाण्यावर तृप्त असतात. वालाच्या मुळाशी धानाच्या तणसाचा जाड थर घातला म्हणजे दोन पाण्यांतले अंतर वाढते. पालक आणि फुलकोबी यांचा लोभ सोडला की निम्मे हंडे वाचतात.

आक्षेपक : लाखोळीचे नाव आपण घेतलेत हे बरे झाले, कारण आपल्या आजीच्या शहाणपणाची सरहद्द तेथेच दिसते. लाखोळीच्या दाण्यात मज्जातंतूंना अपाय करणारे द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्‌महिने जेव्हा तीच मुख्य अन्न झाली तेव्हा माणसांचे पाय कायमचे लुळे पडले, आणि याच कारणास्तव 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती 2008 च्या सुमारास उठविली हे खरे, पण रोग काल्पनिक होता असा त्याचा अर्थ नव्हे. परंपरेने चालत आलेले सर्व पथ्यकर असते असे मानून चालणार नाही.

याहून मोठी शंका पोषणाच्या दाव्यांविषयी आहे. परसबागेने कुपोषण हटेल, असे विधान सभासंमेलनांत फार सहजपणे केले जाते. बांगलादेशात हेलन केलर इंटरनॅशनल या संस्थेने 1990 च्या दशकापासून घरबागांचे विस्तीर्ण कार्य केले, आणि जगभर अशा कार्यांचे जे परीक्षण झाले त्यातून एवढे निःसंशय दिसले की घरात भाज्यांचे प्रकार वाढतात आणि ‘अ’ जीवनसत्त्व अधिक मिळते. मुलांची उंची आणि वजन त्याने वाढते, हे मात्र खात्रीने सिद्ध झालेले नाही. मुलाला अतिसार झाला, त्याचे पाणी दूषित असले, त्याच्या ताटात डाळ आणि स्निग्ध पदार्थ नसले, तर मेथीची जुडी त्याला तारणार नाही. गडचिरोलीत सिकलसेलचा आजार घरोघर ठाऊक आहे, आणि त्या रक्तक्षयाला पालेभाजीतले लोह हा उपाय नव्हे. आशा फार वाढविली की तिच्या भंगाचे खापर शेवटी बाग न जोपासणाऱ्या आईवर फुटते, म्हणून हे स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते.

पुरस्कर्ता : आपण जे सिद्ध आहे आणि जे सिद्ध नाही त्यांत भेद केलात, तो मी स्वीकारतो आणि त्याच शिस्तीने उत्तर देतो. लाखोळी रोजचे धान्य म्हणून महिनोन्‌महिने खाऊ नये आणि दाणे भिजवून, उकळून ते पाणी टाकून द्यावे, हे ज्ञान परंपरेतही आहे आणि शास्त्रानेही त्याला पुष्टी दिली आहे. वास्त्यांचे तसेच. कोवळ्या बांबूच्या कोंबात विषारी अंश असतो, तो पातळ कापून उकळल्यावर पाण्याबरोबर जातो. कुड्याची कडू फुले उकळून पिळतात. अळवर्गातल्या कोचईच्या पानांतील खाज घालविण्यास आंबाडी किंवा चिंच लागते. तेव्हा ‘उकळलेले पाणी टाकून देणे म्हणजे सत्त्व टाकून देणे’ हा शहरी आहारोपदेश या प्रदेशाला सरसकट लागू करणे धोक्याचे आहे. मुनग्याच्या पाल्याचे पाणी टाकू नये, वास्त्याचे टाकलेच पाहिजे. हा भेद ज्या हाताला कळतो तो हात पुस्तकाने तयार होत नाही, पोरगी आईजवळ बसते त्यातून तो घडतो.

आता सत्त्वाचे. पाल्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा मूलांश तेलावाचून अंगी लागत नाही. म्हणून जवसाच्या तेलाची एक पळी फोडणीला घालणारी बाई चैन करीत नसून पाल्याला उपयोगी बनवीत असते. पाल्यातील लोह अंगी लागण्यास आंबट पदार्थाचे साह्य लागते, आणि जेवणाबरोबरचा कोरा चहा त्याला अडथळा करतो. तांदळाच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून लोखंडी कढईत शिजविलेली आंबाडी, वर लसणाची खरपूस फोडणी, हे ताट समोर आणा. आंबटपणा, डाळ, तेल, लोखंड हे सगळे त्यात एकत्र आलेले आहे, आणि त्याची योजना कोणत्याही आहारतज्ज्ञाने केलेली नाही. सिकलसेलच्या रुग्णाला वैद्य फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतात. त्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत, पण त्याच द्रव्याने युक्त असलेला पाला ताटात असणे गैर नव्हे. राज्याने 2015 साली सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार मिळतो. त्या आहारातील भाजी जवळच्या सांदवाड्यांतून रोख पैसे देऊन घेतली, तर बाग पोषणाचा चमत्कार न करताही पोषणाच्या साखळीतला एक पक्का दुवा होईल. एवढाच माझा दावा आहे.

आक्षेपक : आपला दावा आता संयत झाला. मग बियाण्याचे काय? पाकिटातले संकरित बी एकदा पेरले की त्याचे बी धरून पुढच्या वर्षी तसे पीक येत नाही. दरसाल पाकीट पाहिजे. ज्या घरात मडक्यात राख घालून वालाचे, डांगराचे, आंबाडीचे बी जपलेले असे, त्या घराला आपण दुकानाच्या दारी उभे करतो.

पुरस्कर्ता : येथे आपण आणि मी एकाच बाजूला आहोत. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली आपल्या शेतातल्या ‘पटेल-3’ धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या निराळ्या काढून वर्षानुवर्षे निवडून पेरल्या, आणि त्यातून जो बारीक तांदूळ निघाला तो त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून देशभर पसरला. दीडएक एकराच्या धन्याने, प्रयोगशाळेवाचून, केवळ पाहण्याच्या सवयीवर हे केले. ही सवय ज्या हातांना लागते ते बहुधा लहान जागेतच काम करणारे असतात, कारण लहान जागेत प्रत्येक रोप ओळखीचे असते. सांदवाडीत बी राखणारी बाई हेच करते. तिच्या वाणाला नाव मिळत नाही.

आक्षेपक : आणि खोब्रागडे 2018 साली वारले ते आर्थिक विवंचनेत. वाण देशाचा झाला, त्याचा मोबदला त्याच्या जनकापर्यंत पोहोचला नाही. तेव्हा बियाण्याच्या गौरवाबरोबर बियाणे राखणाऱ्याच्या मिळकतीचाही विचार करा.

पण माझा अखेरचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आक्षेप मी अजून मांडलेलाच नाही. मालगुजारीच्या काळापासून या गावांना निस्ताराचे हक्क होते. जळण, बांबू, गवत, फळे, पाला हे गावाने कोठून घ्यावे याची दप्तरी नोंद असे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि पुढे हे हक्क कागदावरून आणि व्यवहारातून आक्रसत गेले. ते परत मिळविण्यासाठी मेंढा (लेखा) गावाने वर्षानुवर्षे खटपट केली, आणि वनहक्क कायद्याखाली 2009 साली त्या गावाला सामूहिक वनाचा अधिकार मिळाला. आता विचार करा. ज्या शासनाला अरण्य मोकळे ठेवावयाचे नाही, त्याला बाईच्या हातात चार वाफ्यांचे बियाणे देणे फार सोयीचे आहे. ‘तुझी भाजी तुझ्या कुंपणात आहे, आता रानात कशाला जातेस?’ हे वाक्य कोणी उच्चारण्याची गरजही उरत नाही. वाफा खाजगी, अरण्य सामाईक. वाफा ज्याच्या घरामागे जागा आहे त्याचा, अरण्य भूमिहीनाचेही. गावठाणात चार हात जागेत राहणाऱ्या कुटुंबाला आपण सांदवाडीचे कोणते सुख देणार? श्री. अ. दाभोळकरांनी दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब जगू शकते असा हिशेब मांडला. त्यांच्या बुद्धीविषयी मला आदर आहे, पण ज्याला एक गुंठाही नाही त्याची बेरीज त्या हिशेबात येत नाही.

पुरस्कर्ता : याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. अर्धे आहे, ते देतो. भूमिहीनाच्या दारापुढेही मांडव असतो, आणि वालाच्या वेलाला मुळापुरती वीतभर माती पुरते. पण हे उत्तर तोकडे आहे, हे मलाही दिसते. दुसरी बाजू मात्र आपण पाहावी. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. चंद्रपूर जिल्ह्यात मोह वेचताना, सात्या शोधताना, गुरे चारताना माणसे मेली नाहीत असे वर्ष आता जात नाही. अरण्यावरचा हक्क जिवंत राहावा म्हणून त्या बाईने एका जुडीसाठी जीव धोक्यात घालावा, असे मी तिला सांगू शकत नाही, आणि आपणही सांगणार नाही. काटवलाचा कंद रानातून आणून कुंपणाच्या कडेला लावला, आणि आषाढात दाराशी काटवले मिळाली, तर तिच्या घरच्यांना ती सायंकाळी परत येईल की नाही ही चिंता एका दिवसापुरती तरी कमी होते.

आक्षेपक : नाही, मीही तिला तसे सांगणार नाही. पण पाहा, आपल्या या वाक्याने प्रश्न आणखी अवघड झाला. तिने काटवल दाराशी आणले तर तिची नात रानातली काटवलाची जागा ओळखणार नाही. आणि ज्या जागा कोणी ओळखत नाही त्या जागांवरचा हक्क कायद्याने बुडत नसला तरी तो मागावयास कोणी उभे राहत नाही. तिने दाराशी आणले नाही तर तिला वाघाच्या वाटेवर जावे लागते. अरण्यातले हे भय वाढण्यास ती बाई कारण नाही, तरी त्याची किंमत तिनेच द्यावयाची.

पुरस्कर्ता : मग निदान एवढे तरी आपण दोघे मिळून मागू. ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत त्या आपल्या वनाच्या व्यवस्थापनाचा आराखडा करतात, तेव्हा बांबू आणि तेंदू यांच्या ओळीतच काटवल, वास्ते, सात्या, तरोटा यांच्या जागाही लिहून ठेवाव्यात, आणि रानात जाण्याचे दिवस एकेकटीने न ठरविता गावाने ठरवावेत, म्हणजे जमावाने जाता येईल. त्याच आराखड्यात सांदवाड्यांच्या पाण्याचाही विचार व्हावा. गावाला मामा (माजी मालगुजारी) तलाव किंवा बोडी असेल तर तिचा गाळ काढण्याचे काम रोजगार हमीतून घ्यावे, आणि तो गाळ प्रथम भूमिहीनांच्या दारापुढच्या मांडवांना द्यावा.

आक्षेपक : ही मागणी मी आपल्याबरोबर करीन. ती मान्य झाली तरी वाफा आणि अरण्य यांतले माझे भांडण मिटणार नाही, हे सांगून ठेवतो. आणि त्या मागणीत माझी एक भर घाला. जे बियाणे वाटावयास येतात त्यांनी मृगात येऊ नये, कारण त्या वेळी रान स्वतःच भाजी देत असते. त्यांनी कार्तिकात, धान निघाल्यावर, बांधीत ओल असताना यावे. पाकिटाऐवजी गावातल्याच म्हाताऱ्या बायकांकडचे बी योग्य किंमत देऊन विकत घेऊन वाटावे. आणि पहिले पाकीट हातात ठेवण्यापूर्वी त्या घरात पाणी कोण आणते आणि किती लांबून आणते, हे विचारून वहीत लिहावे.